सलूनवाला कात्री ठेवून कुठे गेला?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात राहतात. बेंडिगो शहरापासून तासाभराच्या अंतरावर त्यांचं लहानसं गाव आहे. जानेवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. एके दिवशी मी गावातल्या एकुलत्या एका सलूनमध्ये केस कापायला बसलो. डावी बाजू उरकली आणि सलूनवाल्याच्या कमरेला लावलेलं यंत्र किंचाळायला लागलं. त्याने ते पाहिलं, कात्री ठेवली, ‘सॉरी’ म्हणाला आणि मागच्या दाराने चक्क पळाला. गळ्याभोवती कापड, डोकं अर्धं, अशा अवस्थेत मी दीड तास बसून होतो. तो परतला तेव्हा त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता. उजवी बाजू त्याने तितक्याच मन लावून कापली. चौकशी केल्यावर कळलं, की तो गावच्या अग्निशमन दलात आहे आणि त्याला त्याचा एक पैसाही मिळत नाही. जावई म्हणाले, इथे खेडोपाडी असंच असतं. पगार नाही तर माणूस धंदा टाकून धावतो कशासाठी? सरकार मग काय करतं? आणि हे केव्हापासून चालू आहे?

ता. क. खूश होऊन मी त्याला दहा डॉलर जास्त दिले. ते त्याने गल्ल्यात न टाकता आरशाशेजारच्या पत्र्याच्या डब्यात टाकले. असं का?

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

उत्तर : सर, तुमच्या पत्राने आधी हसवलं आणि मग बरेच दिवस कामाला लावलं. पगार नसताना माणूस का धावतो, असं तुम्ही विचारता. मी तो प्रश्न थोडा फिरवून घेतो : धावणाऱ्यांना पगार सुरू का झाला नाही? आधी सरकारी अग्निशमन दल होतं आणि पुढे त्यात स्वयंसेवक घेतले, असा तिथला क्रमच नाही. माणसं आधीपासून धावत होती. सरकार मागाहून आलं, आणि तेही बरंच रेंगाळत.

पण त्याआधी तिथली आग समजून घ्यायला हवी, कारण सगळं तिच्यापाशी सुरू होतं. तिकडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. गहू-जव कापणीला आलेले, माळावरचं गवत पिवळं ठणठणीत वाळलेलं, आणि डोंगरांवर निलगिरीची रानं. आपल्याला निलगिरी म्हणजे सर्दी झाल्यावर रुमालावर शिंपडायचं तेल. तिकडे तेच तेल पानापानात भरलेलं असतं आणि उन्हाळ्यात अख्खं रान त्याच्या वासाने दरवळतं. निलगिरीच्या काही जातींची साल लांब पट्ट्यांनी सुटते. पेटलेली पट्टी वाऱ्याबरोबर कित्येक किलोमीटर पुढे जाऊन पडते आणि तिथे नवी आग लावते. त्यामुळे आगीच्या तोंडासमोर उभं राहून तिला अडवता येतं, ही समजूत तिथे फार लवकर मोडते.

आता वारा. उत्तरेचा वारा म्हटला की आपल्या मनात हुडहुडी येते. त्या गोलार्धात उलटं. उत्तरेकडे वाळवंट, म्हणून उत्तरेचा वारा भट्टीतून आल्यासारखा. वाईट दिवशी तो सकाळपासून सुटतो आणि आगीला दक्षिणेकडे रेटत नेतो. आग मग जिभेसारखी होते, लांबच लांब पण अरुंद. संध्याकाळकडे नैर्ऋत्येहून थंड हवेचा पट्टा येतो. गावकऱ्यांना वाटावं, सुटलो. घात तिथेच असतो. वारा एकदम वळतो आणि त्या लांब जिभेची पूर्वेकडची सगळी बाजू, जी इतका वेळ नुसती धुमसत होती, तीच आगीचं तोंड होते. दोन किलोमीटर रुंदीची आग पाच-दहा मिनिटांत वीस किलोमीटर रुंद होऊ शकते. हे वारा फिरणं लक्षात ठेवा, पुढे त्यात बरीच माणसं गेलेली दिसतील.

तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षं लहान लहान थंड आगी लावून गवत-झुडूप आटोक्यात ठेवत आले होते. १८३०च्या दशकात मेंढ्या घेऊन गोरे आले, मूळच्या लोकांना त्यांनी हुसकावलं आणि त्यांच्याबरोबर ती पद्धतही गेली. ६ फेब्रुवारी १८५१ रोजी, ज्याला ते काळा गुरुवार म्हणतात, आजच्या व्हिक्टोरियाचा जवळजवळ चौथा हिस्सा जळाला. माणसं १२ गेली, मेंढ्या दहा लाखांच्या घरात. विल्यम स्ट्रट या चित्रकाराने त्या दिवसाचं एक प्रचंड चित्र पुढे रंगवलं. माणसं, घोडे, गुरं, पक्षी सगळे एकाच दिशेने जीव घेऊन धावताहेत, असं ते आहे.

मागे वळून आगीकडे जाणारी माणसं त्यानंतर हळूहळू तयार झाली, आणि ती दोन प्रकारची होती.

पहिला प्रकार शहरी. १८५१ मध्येच व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि बॅलरॅट, बेंडिगो अशी तंबूंची, लाकडी दुकानांची गावं एका रात्रीत उभी राहिली. ती जळायचीही एका रात्रीत. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी स्वयंसेवक दलं काढली. त्यांचा थाट मोठा. पितळी शिरस्त्राणं, घंटा टांगलेला मनोरा, वाद्यवृंद, मशालींची मिरवणूक. दलादलांत शर्यती लागायच्या : कोण आधी गाडा ओढत नेऊन नळी जोडतो आणि पाण्याच्या फवाऱ्याने निशाण पाडतो. त्या शर्यती तिथे अजून होतात, शाळकरी पोरांपासून पन्नाशीच्या पुढच्यांपर्यंत सगळे पळतात. आपल्याकडे दहीहंडीच्या पथकांमध्ये जी चुरस असते, तिच्या जवळ जाणारं हे काहीतरी आहे. कायदा होऊन १८९१ मध्ये मेलबर्न शहरासाठी वेगळं दल आणि बाहेरच्या गावांसाठी वेगळं मंडळ झालं, आणि या दलांना छप्पर मिळालं.

दुसरा प्रकार शेतकऱ्यांचा. त्यांना ना शिरस्त्राण, ना घंटा, ना कायदा. १८९१च्या मंडळाचा हात गावाच्या वेशीपर्यंत. त्यापलीकडे कुंपणं, मेंढ्या आणि गहू. शेजाऱ्याच्या रानावर धूर दिसला की हाताशी असेल ते घेऊन निघायचं. काय असायचं हाताशी? ओलं गोणपाट. हिरव्या फांद्या. घोड्याच्या गाडीवर दुधाच्या कॅनमध्ये भरलेलं पाणी. आणि नांगर. आगीच्या वाटेत नांगराचे चार-सहा तास मारून उघड्या मातीचा पट्टा काढायचा आणि पट्ट्याच्या पलीकडचं, आगीच्या बाजूचं गवत आपणच जाळून टाकायचं, म्हणजे येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही. आपलं वनखातं डोंगरात जाळरेषा काढतं, त्यामागचं तत्त्व हेच. गोणपाटाने आग मारण्याचंही एक तंत्र होतं. वर उचलून धपाधप आपटलं तर ठिणग्या उडून आग वाढते. जळलेल्या बाजूला उभं राहून, बडवून, लगेच जळक्या जमिनीवरून ओढत आणायचं. आपल्याकडे घाटावर आणि कोकणात वणवा फांद्यांनी झोडपलेली माणसं हे वाचून मान डोलावतील.

हा धर्मादाय नव्हता, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. स्वयंसेवक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सेवाव्रती, त्यागमूर्ती वगैरे येतं. त्या शेतकऱ्याचा हिशेब साधा होता. आज त्याचं कुंपण पेटलं आहे, वारा असाच राहिला तर तासाभरात माझं पेटेल. आणि उद्या माझं पेटलं तर तो यायला हवा. तुमचा सलूनवाला आगीकडे धावला तेव्हा बहुधा त्याच्याच गिऱ्हाइकांच्या रानाकडे धावला. फसवी गोष्ट इतकीच, की लहान गावात स्वार्थ आणि परोपकार यांच्यातली भिंत इतकी पातळ असते, की बाहेरून आलेल्याला ती दिसत नाही.

बायका या इतिहासात फोटोच्या कडेला उभ्या सापडतात. खरं पाहता आग कळायची ती त्यांच्यामुळे. गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेली बाई एकामागून एक घरांना घंटी मारायची, आणि मग त्या घरांतल्या बाया चहा-सँडविचच्या टोपल्या भरून आगीच्या मागे मागे फिरायच्या. दुसऱ्या महायुद्धात गावातले तरुण पुरुष परदेशी लढायला गेल्यावर गोणपाटही कित्येकदा त्यांच्या आणि शाळकरी पोरांच्याच हाती आलं. आज त्या गाडी चालवतात, नळी धरतात आणि काही गावांत कॅप्टन आहेत.

सरकारचं डोकं ठिकाणावर यायला १९३९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १३ जानेवारीला, शुक्रवारी, मेलबर्नमध्ये पारा ४५.६ अंशांवर गेला. अनेक दिवस डोंगरांत धुमसत असलेल्या लहानमोठ्या आगी वाऱ्याने एक झाल्या. सुमारे २० लाख हेक्टर जळालं, ७१ माणसं मेली. त्या काळी लाकूड कापायच्या गिरण्या भर रानात असत आणि कामगार बायकापोरांसह तिथेच राहत. अशा ६९ गिरण्या गेल्या. काही मालकांनी जमिनीत खोदलेले आसरे करून ठेवले होते, काहींनी खर्च वाचवला होता, आणि कोण जगलं ते पुष्कळदा त्यावर ठरलं.

चौकशीला न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन बसले. त्यांनी काही महिन्यांत अहवाल दिला. चौकशी अहवाल म्हणजे काय असतो हे आपण सगळे जाणतो, पण हा अहवाल तिथे आजही वाचला जातो, कारण तो माणसाने लिहिल्यासारखा आहे. स्ट्रेटन यांचं म्हणणं थोडक्यात असं : या आगी आभाळातून पडलेल्या नाहीत, जवळजवळ सगळ्या माणसांनी लावल्या आहेत. कोणी चराईसाठी गवत जाळलं, कोणी जमीन मोकळी करायला, कोणी निष्काळजीपणाने. आणि विझवणाऱ्यांमध्ये कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. वनखातं आपल्या हद्दीपुरतं, गावचं मंडळ वेशीपुरतं, शेतकऱ्यांच्या तुकड्या त्यांच्या रानापुरत्या. आगीला यातली एकही हद्द ठाऊक नव्हती. शहराबाहेरच्या सगळ्या आगींसाठी एकच अधिकारी यंत्रणा हवी, असं त्यांनी सुचवलं.

मग युद्ध आलं आणि अहवाल कपाटात गेला. २२ डिसेंबर १९४३ रोजी वांगरॅटा गावाजवळ साधी गवताची आग विझवायला गेलेले दहा स्वयंसेवक काही मिनिटांत आगीत सापडून मेले. त्याच उन्हाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारी १९४४ मध्ये आणखी मोठ्या आगी लागल्या, त्यातली एक याल्लूर्न इथल्या कोळशाच्या खाणीपर्यंत पोचली. मेलबर्नची वीज त्या खाणीवर चालायची. माझ्या कुजकट मनाला वाटतं, की दिवे जायची वेळ आली तेव्हाच राजधानीला खेड्यातला धूर दिसला. त्याच वर्षी कायदा झाला आणि २ एप्रिल १९४५ रोजी ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ सुरू झाली. तिकडे तिला सगळे सीएफए म्हणतात. तुमच्या सलूनवाल्याच्या पिवळ्या कोटावर हीच अक्षरं असणार.

सीएफएने काय केलं हे महत्त्वाचं, पण काय केलं नाही हे जास्त महत्त्वाचं. तिने गावांवर पगारी फौज पाठवली नाही. होत्या त्या तुकड्या नोंदवून घेतल्या आणि त्यांना गाड्या, पंप, पुढे रेडिओ, प्रशिक्षण आणि जखमी झाल्यास भरपाई दिली. तुकडीचा कॅप्टन मात्र गाव निवडतं. आजही ठरावीक मुदतीने निवडणूक होते. त्यामुळे असं दृश्य सहज दिसतं की नळकाम करणारा कॅप्टन आहे आणि बँकेचा व्यवस्थापक त्याच्या हुकमाने नळी गुंडाळतो आहे. आपल्याकडे ही निवडणूक असती तर विकास सोसायटीसारखी दोन पॅनेलं पडली असती की काय, हा विचार माझ्या मनात आला होता. तिकडे पुष्कळ गावांत उलटी अडचण असते, कॅप्टन व्हायला दुसरा माणूसच मिळत नाही.

आज सीएफएच्या सुमारे १२०० तुकड्या आणि पन्नास हजारांहून जास्त स्वयंसेवक आहेत. त्यातले सगळेच आगीपुढे जातात असं नाही. कोणी रेडिओवर बसतं, कोणी हिशेब लिहितं, कोणी जेवण करतं. त्यांच्या नेहमीच्या गाडीला ते टँकर म्हणतात. आपल्याकडे टँकर म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुष्काळी गावात भांड्यांच्या रांगेसमोर येऊन उभा राहतो तो. तिकडच्या ग्रामीण दलाचा ठरलेला टँकर ३००० लिटर पाणी नेतो आणि चारही चाकांना जोर असल्याने रान तुडवत जातो. त्याच्या नावातच हे लिहिलेलं असतं, ‘३.४’ : तीन हजार लिटर, चार चाकं. शिवाय बहुतेक शेतकऱ्यांकडे स्वतःच्या पिकअपवर टाकी आणि पंप असतो. गवताची आग असली की टँकरच्या आधी ही खासगी मंडळी पोचलेली असतात. मुख्यालयातल्या साहेबांना याचा मनस्ताप होतो, कारण त्यांच्या नकाशावर या गाड्या दिसत नाहीत. पण गोणपाटवाल्यांचे हे थेट वारस आहेत. त्यांना ‘तुम्ही थांबा, अधिकृत गाडी येते आहे’ असं सांगून पाहावं कोणीतरी.

आता तुमच्या पत्रात न आलेली, पण सलूनवाल्याच्या कमरेच्या त्या यंत्रामागे, म्हणजे पेजरमागे, उभी असलेली गोष्ट. या दलांचे नियम एका टेबलाभोवती बसून सुचलेले नाहीत. १६ फेब्रुवारी १९८३ रोजी, ‘अ‍ॅश वेन्सडे’ला, व्हिक्टोरिया आणि शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात मिळून ७५ माणसं गेली. त्या संध्याकाळी मेलबर्नच्या आग्नेयेला अपर बीकन्सफील्डजवळच्या एका वाटेवर दोन टँकर उभे होते, एक पँटन हिल गावचा आणि एक नॅरे वॉरनचा. वारा फिरला. दोन्ही गाड्यांवरचे बाराच्या बारा स्वयंसेवक तिथेच गेले. पँटन हिल मेलबर्नच्या ईशान्येला आहे, तिथून बरंच लांब. ‘शेजाऱ्याचं कुंपण’ हा जुना हिशेब तोवर इतका लांब पसरला होता.

पंधरा वर्षांनी, २ डिसेंबर १९९८ रोजी, बॅलरॅटच्या पश्चिमेला लिंटन इथे तेच पुन्हा घडलं. जिलॉंग वेस्टच्या तुकडीचा टँकर पाणी भरायला परत निघाला होता. वारा फिरला, आणि गाडीवरच्या पाचही जणांना वाचवण्यापुरतं पाणी टाकीत उरलेलं नव्हतं. जवळच सापडलेल्या दुसऱ्या टँकरमधली माणसं वाचली. त्यानंतर नियम आला : आग विझो न विझो, शेवटचं पाणी गाडीवरच्या माणसांसाठी राखून ठेवायचं, ते आगीवर मारायचं नाही. गाड्यांना खिडक्यांवरून पाण्याचा पडदा धरणारे फवारे आले, आतून उष्णता अडवणारे पडदे आले. आणि ठरलेलं किमान प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कोणालाही आगीपुढे नेणं बंद झालं. शेतात जन्म घालवलेल्या काही म्हाताऱ्यांना हा अपमान वाटला. साठ वर्षं आगी मारल्यावर आता वर्गात बसून प्रमाणपत्र घ्यायचं? त्यांचा राग मला कळतो, आणि तरी नियम बरोबर होता असंच वाटतं.

७ फेब्रुवारी २००९ चा ‘ब्लॅक सॅटरडे’ तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिला असेल. १७३ माणसं मेली, मेरीसव्हिल आणि किंगलेक ही गावं जवळजवळ पुसली गेली. स्वयंसेवक शर्थ करत होते, पण त्यातल्या अनेकांची स्वतःची घरं मागे जळत होती. जे दल गावातल्याच माणसांचं असतं, त्यांच्या वाट्याला हे येणारच.

आता पैशाकडे वळू. ‘एक पैसाही मिळत नाही’ हे खरं आहे, पण ‘फुकट’ हे खरं नाही. कोणीतरी मोजतंच. सलूनवाल्याने दीड तासाचा धंदा मोजला. तुम्हीही दीड तास मोजला. नोकरदार स्वयंसेवक आगीवर जातो तेव्हा कायद्याने त्याची नोकरी जात नाही, रजा द्यावीच लागते, पण त्या रजेचा पगार द्यायची सक्ती मालकावर नाही. अनेक मालक देतात, कारण लहान गावात मालकही बहुधा दलातच असतो. एखादी आग दोन दिवसांची असली तर हे चालतं. २०१९-२० च्या उन्हाळ्यात शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात आगी महिनोन्‌महिने चालल्या तेव्हा हे गणित कोसळलं. घराचे हप्ते थकले. शेवटी केंद्र सरकारने, दहा दिवसांहून जास्त राबलेल्या स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलरपर्यंत, एकूण ६००० डॉलरच्या मर्यादेत भरपाई जाहीर केली. स्वयंसेवकाला पैसे दिले की तो स्वयंसेवक उरतो का, यावर मग वाद झाला. माझ्या मते तो वाद पोट भरलेल्यांचा होता.

त्याच वेळची एक चमत्कारिक गोष्ट. सेलेस्ट बार्बर या विनोदी कलाकार बाईंनी न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण दलासाठी फेसबुकवर मदत मागितली. त्यांना तीस हजार डॉलर हवे होते. जगभरातून पाच कोटींहून जास्त डॉलर आले. मग त्यांना वाटलं, यातले काही घरं जळालेल्यांना आणि होरपळलेल्या प्राण्यांनाही द्यावेत. प्रकरण कोर्टात गेलं. मे २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं, की ज्या न्यासाच्या नावाने पैसे मागितले त्याच्या घटनेत तसं लिहिलेलं नाही. पैसा दलाची साधनं, प्रशिक्षण, मेलेल्या-जखमी झालेल्या जवानांची कुटुंबं यांवरच खर्च होईल. देणगी देण्याआधी पावतीवरचं नाव वाचावं, हे आमची आजी सांगायची.

व्हिक्टोरियात दलाचा सरकारी खर्च पूर्वी विम्याच्या हप्त्यांवरच्या अधिभारातून निघायचा. म्हणजे ज्याने विमा उतरवला त्याने भरायचं, आणि ज्याने नाही उतरवला त्याचीही आग विझवायची. २०१३ पासून तो घर-जमिनीवरच्या करातून निघू लागला. २०२५ मध्ये सरकारने हा कर वाढवायचं ठरवलं आणि शेतकरी भडकले. दलाच्या पिवळ्या कपड्यांतले स्वयंसेवक मेलबर्नला विधिमंडळासमोर जमले. त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा होता : आग आम्हीच विझवायची, पगार घ्यायचा नाही, आणि विझवण्याचा कर सर्वांत जास्त आमच्याच जमिनीवर? सरकारला शेतकऱ्यांवरची वाढ तूर्त थांबवावी लागली. स्वयंसेवकांना करात सूट आहे, पण ती अर्ज करून मिळते, आणि अर्ज भरण्यापेक्षा वणवा बरा म्हणणारे तिकडेही पुष्कळ आहेत.

तुमचे जावई ‘खेडोपाडी असंच’ म्हणाले ते मात्र पूर्ण खरं नाही. शहरं वाढत वाढत जुन्या खेड्यांना भिडली, तिथल्या सीएफएच्या ठाण्यांत स्वयंसेवकांबरोबर पगारी जवान आले. एकाच छपराखाली दोघे. हुकूम कोणाचा चालणार यावरून कामगार संघटना आणि स्वयंसेवक यांच्यात २०१६ साली इतकी जुंपली, की सरकारने सीएफएचं मंडळ बरखास्त केलं आणि खात्याच्या मंत्री जेन गॅरेट यांनी राजीनामा दिला. अखेर १ जुलै २०२० रोजी सगळे पगारी जवान एका नव्या दलात गेले आणि सीएफए पुन्हा निव्वळ स्वयंसेवकांची झाली. एका अर्थाने १९४५ ला परत. घटस्फोटाने दोन्ही घरं सुखी झाली का, ते ज्याला विचाराल त्यावर अवलंबून आहे.

खरी चिंता दुसरीच आहे. यंत्रं मोठी झाली तशी शेतं मोठी झाली आणि माणसं कमी. जिथे पूर्वी दहा कुटुंबं होती तिथे दोन उरली. तरुण मेलबर्नला गेले. पेजर वाजला की धावणाऱ्यांचं वय वाढत चाललं आहे. तुमच्या मुलीसारखे बाहेरून आलेले लोक अशा गावांत राहायला लागले आहेत, आणि तुकड्यांचं लक्ष त्यांच्यावर असतं. जावयांना अजून कोणी विचारलं नसेल तर विचारतील. गाडी चालवता येत नसेल, आगीची भीती वाटत असेल, तरी हिशेब लिहिता येतो का, असं विचारतील.

आपल्याकडे असं का नाही, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण मनात असणार. आपला ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून, म्हणजे पंपावरून आला. नाव यंत्राचं पडलं आणि आपणही यंत्राचीच वाट बघतो : तालुक्याहून बंब निघाला का, कुठवर आला. तो येईपर्यंत गोठा पेटलेला असतो आणि गाव कळशांनी, बादल्यांनी विझवत असतं. माणसं आपल्याकडेही धावतातच. फरक कुठे पडतो तर तिथे त्या धावणाऱ्यांच्या हाती कोणीतरी पंप दिला, नाव नोंदवलं आणि त्यांच्या जखमेची जबाबदारी घेतली.

राहिला तुमचा पत्र्याचा डबा. टँकर सरकार देतं, पण सगळंच देत नाही. दुसरी लहान गाडी, जादा पंप, रात्रीचे दिवे, ठाण्यातला फ्रिज यांसाठी तुकड्या पैसे गोळा करतात. दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकतात, लाकडाच्या मोळ्यांची सोडत काढतात, आणि सलूनमध्ये डबा ठेवतात. व्हिक्टोरिया सरकारची एक योजना आहे. तुकडीने साधनासाठी एक डॉलर जमवला आणि तिचा प्रस्ताव मंजूर झाला, तर सरकार त्यावर दोन घालतं. म्हणजे तुम्ही दिलेले दहा डॉलर अशा एखाद्या प्रस्तावात गेले असले, तर त्यांचे तीस झाले. सलूनवाल्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्याने ते गल्ल्यात टाकले नाहीत.